कोरड्या हवेतला फ्राइड राइस

जयपूरच्या घरात भात रोज शिजत नाही. रोजचं जेवण म्हणजे गव्हाची रोटी, थंडीत बाजरीची. चावल लागतात ते पाहुणा आला तर, वसंत पंचमीला केशर घालून गोड भात करायचा असेल तर, किंवा कुणाचं पोट बिघडलं आणि मऊ खिचडी टाकायची वेळ आली तर. पुलाव करायचा झाला तर त्यातही बेसनाचे गट्टे पडतात. तरीही संध्याकाळी राजा पार्कात किंवा मानसरोवरात फेरी मारा. ठेल्यांवर लोखंडी कढयांची खणखण चालू असते आणि चाउमीनच्या बरोबरीने फ्राइड राइस खपत असतो. मुलं तोच घरी मागतात आणि घरी मात्र तो जमत नाही. चव बरी येते, पण भाताचा गोळा होतो. मग दोष सॉसला दिला जातो, गॅसला दिला जातो, ‘आपण अजिनोमोटो घालत नाही ना’ असंही म्हटलं जातं.

माझ्या मते फ्राइड राइस सॉसवर नाही, पाण्यावर ठरतो. तांदळाच्या दाण्यात किती पाणी शिरलं, दाण्याच्या अंगावर किती राहिलं, कढईत पडण्याआधी त्यातलं किती उडालं आणि कढईत भाज्यांनी आणखी किती सोडलं, एवढा हिशेब जुळला की मीठ-मिरी कुणीही घालू शकतं. या हिशेबात जयपूर हे मुंबईपेक्षा फार सोयीचं गाव आहे. एप्रिल-मे महिन्यांत इथली दुपारची आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास येते. मुंबईचा स्वयंपाकी ज्यासाठी फ्रिजकडे धावतो, ते काम इथे परात आणि पंखा करतात.

हा पदार्थ शहरात आला तो एकाहून अधिक वाटांनी. एक वाट हॉटेलांची. एम. आय. रोडवर, म्हणजे संस्थानाचे दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या नावाच्या रस्त्यावर, १९४९ साली ‘नीरोज’ सुरू झालं. तिथे आजही लाल मांसाच्या मेनूत चिनी पदार्थ सुखाने नांदतात. दुसरी वाट रस्त्याची, आणि ती लांबची. कोलकात्याच्या हक्का चिनी वस्तीत हिंदुस्थानी जिभेसाठी बदललेलं हे जेवण मुंबईत आणखी तिखट झालं. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आलं-लसूण-हिरवी मिरची आणि सोया सॉस एकत्र करून चिकन मांचुरियन केलं, आणि पुढे कोबी-फ्लॉवरचे गोळेही मांचुरियन झाले. जयपूरच्या ठेल्यावर मिळतो तो या घराण्यातला फ्राइड राइस आहे. चीनमधल्या माणसाला तो ओळखू येईल, पण आपला म्हणेल की नाही, सांगता येत नाही.

चीनमध्ये मुळात हा उरलेल्या भाताचा पदार्थ. आपल्या फोडणीच्या भाताचा तो सख्खा भाऊ आहे, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. यांगझोउ शहराला आपल्या फ्राइड राइसचा एवढा अभिमान की २०१५ साली तिथे चार टनांहून अधिक भात परतून विक्रम करण्यात आला. त्यातला काही भात डुकरांना खायला गेला हे उघड झालं आणि गिनेसने विक्रम नाकारला, कारण नियमाप्रमाणे ते अन्न माणसांनी खायला हवं होतं. उरलेल्या भातातून जन्मलेल्या पदार्थाचाही शेवटी भात उरलाच.

आता तांदूळ. इथे सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात. फ्राइड राइस म्हणजे पाहुण्यांचा पदार्थ, म्हणून लांबच लांब दाण्याची महागडी बासमती आणली जाते. पुसा ११२१ हे वाण दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने २००३ साली दिलं. त्याचा कच्चा दाणा आठ मिलिमीटरच्या पुढे आणि शिजल्यावर वीस मिलिमीटरपर्यंत लांबतो. बिर्याणीत तो शोभतो. कढईत उलथनं फिरलं की त्याच लांबीमुळे तो मोडतो, मोडलेल्या तोंडातून स्टार्च बाहेर येतो आणि भात चिकटायला लागतो.

चांदपोलच्या अनाज मंडीत किंवा कोपऱ्यावरच्या किराण्याच्या दुकानात ‘तिबार’ किंवा ‘दुबार’ मागा. अख्ख्या दाण्याखालची ही प्रतवारी आहे. तिबार म्हणजे पाऊण दाणा, दुबार म्हणजे साधारण अर्धा, आणि त्याखाली मोगरा. तोच तांदूळ, तोच वास, किंमत बरीच कमी. फ्राइड राइससाठी माझी पसंती दुबारला आहे. तो आधीच आखूड, त्यामुळे परतताना मोडायचं फारसं उरत नाही, आणि चमच्यात भाज्यांच्या तुकड्यांबरोबर नीट बसतो. मोगऱ्यापर्यंत मात्र उतरू नये, त्यात बारीक कणी फार आणि भाताचा लगदा होतो.

दुकानदार ‘बूंदी का चावल’ म्हणून काही दाखवेल तर जरूर घ्या. राजस्थान म्हणजे वाळवंट या समजुतीला कोटा-बूंदीचा हाडौती भाग धक्का देतो. १९६० साली कोटा बराज झाला, चंबळचे कालवे शेतांत गेले आणि तिथे भाताची शेती फोफावली. गंमत अशी की तिथे पुसा वाणं पिकत असली तरी बासमती हे नाव लावायचा कायदेशीर हक्क त्या तांदळाला नाही. २०१६ साली बासमतीला भौगोलिक निर्देशांक मिळाला त्यात पंजाब, हरियाणा, हिमाचल, दिल्ली, उत्तराखंड आणि पश्चिम उत्तर प्रदेश, जम्मूचे काही भाग आले, राजस्थान आलं नाही. जिभेला हा कायदा कळत नाही.

हलवाई आणि लग्नाचे केटरर वापरतात तो ‘सेला’, म्हणजे गिरणीतच उकडून वाळवलेला तांदूळ. त्याचा स्टार्च एकदा शिजून पुन्हा घट्ट झालेला असतो, म्हणून तो मोडत नाही, चिकटत नाही आणि नवशिक्याला फसवत नाही. वासाने मात्र थोडा उणा. पन्नास माणसांचा बेत असेल तर सेला, घरच्या चौघांसाठी दुबार. आणि गावाहून येताना सामानातून आणलेला इंद्रायणी किंवा आंबेमोहर या कामाला लावू नका. मावळातल्या वडगावच्या केंद्रात तयार झालेला इंद्रायणी मऊ आणि चिकट असण्यासाठीच आवडतो. त्याचा वरणाबरोबरचा आसट भात हे त्याचं खरं काम. त्यातल्या त्यात कोलम चालेल. कुठलाही असो, जुना असावा. नवा तांदूळ पाणी कमी शोषतो, चिकट शिजतो आणि गिचका होतो.

एक वाटी दुबार तीन-चार पाण्यांनी धुवायचा, पाणी जवळजवळ नितळ येईपर्यंत. धुतल्याने दाण्यावरचं पीठ जातं, आणि तेच पुढे गोंदाचं काम करणार असतं. वीस मिनिटं भिजवायचा. मग सहा-सात वाट्या पाणी खळखळ उकळवून त्यात मीठ आणि तांदूळ. कुकर नको. कुकरमध्ये दिलेलं सगळं पाणी दाण्यात किंवा दाण्यावर राहतं, आपल्याला तर ते काढून टाकायचं आहे. आपल्याकडे पूर्वी भात वेळत असत, पेज काढून घेत असत, तीच पद्धत इथे कामाची. जयपूरला पिण्याचं पाणी टोंक जिल्ह्यातल्या बीसलपूर धरणातून येतं. पण ज्या वस्त्यांत अजून बोअरचं पाणी वापरतात तिथे ते जड आणि क्षाराचं असतं. अशा पाण्यात तांदळातली रंगद्रव्यं पिवळी पडतात, भात कळकट दिसतो. अर्धं लिंबू पिळलं की पांढरा राहतो.

पाचव्या-सहाव्या मिनिटापासून शीत काढून बघायला लागायचं. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण इथे शब्दशः पाळायची. दोन बोटांत दाबल्यावर दाणा दबतो, पण आत केसाएवढी पांढरी कणी राहते, त्या क्षणी भात चाळणीत ओतायचा. वरून गार पाणी मारू नका. शिजणं थांबवायला म्हणून लोक ते करतात आणि घालवलेलं पाणी परत आणतात. चाळण दोन मिनिटं निथळू द्या, मग भात मोठ्या परातीत पातळ पसरा आणि पंखा लावा. गरम भातातून वाफ निघत असते. कोरडी हवा ती उचलून नेते. उन्हाळ्यात अर्ध्या तासात दाण्याचं बाहेरचं अंग बोटाला कोरडं लागतं, आतून तो मऊच असतो. फडफडीत भात म्हणतात तो हा.

मग ‘फ्राइड राइसला शिळाच भात लागतो’ हे सगळे सांगतात त्याचं काय? त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. भात फ्रिजमध्ये ठेवला की एकीकडे त्याचं पाणी उडतं. दुसरीकडे त्याचा स्टार्च बदलतो. शिजताना फुगून सैल झालेल्या स्टार्चच्या साखळ्या थंड होताना पुन्हा एकमेकींना घट्ट बिलगतात आणि दाणा टणक होतो. अमायलोज नावाचा भाग हे काही तासांत करतो, दुसरा भाग दिवस-दोन दिवस घेतो, आणि फ्रिजच्या तापमानाला ही क्रिया सगळ्यांत जोरात चालते. कढईतल्या भाताला हवा असतो तो मुख्यतः पहिला परिणाम, कोरडेपणा. टणकपणा थोडा चालतो, फार झाला तर भात रबरी लागतो. अमेरिकी पाककलालेखक केंजी लोपेझ-अल्ट यांनी ताजा, पंख्याखाली वाळवलेला आणि फ्रिजमधला असे भात शेजारी शेजारी परतून पाहिले. पंख्याखालचा भात त्यांना उत्तम वाटला. कोलकात्याच्या किंवा रत्नागिरीच्या दमट हवेत ही युक्ती थोडी रखडेल. जयपुरात ती आपसूक चालते, श्रावणाचे पावसाळी दिवस सोडले तर. त्या दिवसांत पसरलेला भात झाकण न लावता तासभर फ्रिजमध्ये ठेवावा.

शिळ्या भाताचा आग्रह सोडावा याला दुसरं, जास्त गंभीर कारण आहे. बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू मातीत असतो आणि तांदळाबरोबर घरात येतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. शिजलेला भात खोलीच्या तापमानाला पडून राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि उलटी आणणारं विष सोडतात. जिवाणू पुढे कढईत मरतीलही, पण हे विष परतल्याने जात नाही. प्रयोगशाळेत १२१ अंशांवर तापवूनही ते टिकतं. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये चिनी हॉटेलांत जेवून लोक आजारी पडू लागले तेव्हा कारण निघालं ते हेच: सकाळच्या घाईसाठी आदल्या रात्री उकडून ओट्यावर ठेवलेला भात. रात्रीसुद्धा तीस अंशांच्या खाली न उतरणाऱ्या मे महिन्यातल्या स्वयंपाकघरात भात झाकून ठेवणं म्हणजे त्या जिवाणूला पाहुणचार आहे.

गावाच्या रीतीला हे फार आधीपासून कळलेलं दिसतं. होळीनंतर आठव्या दिवशी, आपल्या पंचांगाच्या फाल्गुन वद्य अष्टमीला, जयपुरात बासोडा असतो. आदल्या दिवशी ‘रांधा पुआ’, सगळं रांधून ठेवायचं, आणि अष्टमीला शीतला मातेला थंड अन्नाचा नैवेद्य दाखवून घरात चूल न पेटवता तेच खायचं. जवळच चाकसूला शील की डूंगरीवर मोठी जत्रा भरते. नैवेद्यात दही-भाताचा ओलिया असतो, राबडी असते, पुऱ्या असतात. बासोड्यानंतर उन्हाळाभर शिळं खायचं नाही, असं घरातल्या मोठ्या बायका सांगतात. ओलियात भाताला दही लावलेलं असतं, आणि आंबटपणात हा जिवाणू सहजी वाढत नाही, हेही लक्षात घेण्यासारखं. रात्रीचा भात वापरायचाच असेल तर शिजल्यावर तासाभरात फ्रिजमध्ये गेला पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी संपला पाहिजे. ओट्यावर रात्र काढलेला भात फेकून द्यावा. वाईट वाटेल, वाटू द्यावं.

कढईसाठी दूर जायला नको. शहराच्या रस्त्यांच्या कडेला गाडिया लोहारांची पालं असतात. १५६८ साली चित्तोड पडलं तेव्हा गड परत मिळेपर्यंत एका जागी घर करणार नाही अशी शपथ यांच्या पूर्वजांनी घेतली असं सांगतात. १९५५ साली पंडित नेहरू त्यांना घेऊन चित्तोडच्या किल्ल्यात गेले, तरी पुष्कळांची गाडी थांबली नाही. चिमटे, तवे, कढया ते ठोकून करतात. त्यांच्याकडची लोखंडी कढई नॉनस्टिकपेक्षा स्वस्त पडते आणि या कामाला तिच्यापेक्षा चांगली. नॉनस्टिकचा लेप धुराइतकं तापमान सोसत नाही, आणि आपल्याला कढई धुरापर्यंतच तापवायची आहे. नवी कढई घासून, तेलाचा पातळ हात फिरवून, तीन-चार वेळा तापवून काळी करून घ्यावी.

घरच्या शेगडीच्या मोठ्या बर्नरची ताकद दोन-तीन किलोवॅट. चिनी हॉटेलच्या भट्टीची त्याच्या दहापट आणि जास्तही. ही दरी कुठल्याही युक्तीने बुजत नाही. म्हणून हॉटेलच्या आचाऱ्याची नक्कल करू नये. २०२० साली जॉर्जिया टेकच्या हंगटांग को आणि डेव्हिड हू यांनी तैवान-चीनमधल्या पाच आचाऱ्यांचं भात उडवणं चित्रित करून मोजलं. एक झेल सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात होतो. इतकी घाई का, तर भट्टी इतकी तापलेली असते की भात कढईत जरा टेकला तर करपेल, म्हणून त्याला सतत हवेत ठेवायचं. घरी उलट अडचण आहे. कढई उचलली की ती गार पडते. म्हणून घरी कढई शेगडीवरून हलवायची नाही. भात पसरून अर्धं मिनिट तसाच सोडायचा, खालचे दाणे तडतडू लागले की उलथन्याने पलटायचा, पुन्हा सोडायचा. आणि एका वेळी दोन माणसांपुरताच भात. चौघांचा एकदम टाकला की कढईचं तापमान कोसळतं, वाफ कोंडते, आणि परातीत कमावलेलं सगळं कढईत घालवलं जातं. घरच्या फ्राइड राइसची सर्वांत मोठी चूक कुठली असं कुणी विचारलं तर मी हीच सांगेन.

तेल शेंगदाण्याचं. भुईमुगात गुजरातच्या मागोमाग राजस्थानचा नंबर लागतो, बिकानेरकडचं तेल सहज मिळतं. इथल्या घराघरांत असलेलं सरसूचं तेल भाजीला छान, पण त्याचा झणका सोया सॉसला बोलू देत नाही.

भाज्यांतही पाणीच बघायचं. कोबी आणि ढोबळी मिरची यांत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी. बारीक चिरून, मीठ न घालता, वेगळ्या खेपेत मोठ्या आचेवर मिनिट-दीड मिनिट परतायच्या आणि ताटात काढून ठेवायच्या. मीठ आधी पडलं की कोबी रडायला लागतो. फरसबी, गाजर, आणि थंडीत आसपासच्या गावांतून येणारा कोवळा मटार, यांचा त्रास कमी. पनीर घालू नये असं माझं मत आहे, घरोघर घालतात तरीही. ते तापलं की पाणी सोडतं आणि भाताला काहीच देत नाही. अंडं खरं तर या पदार्थाचा आत्मा. ते ओल शोषतं, दाण्यांना वेगळं ठेवतं. पण २०१४ च्या सरकारी नमुना पाहणीत राजस्थानातले जवळजवळ ७५ टक्के लोक शाकाहारी निघाले, देशात सर्वाधिक. त्यामुळे इथल्या बहुतेक घरांत तो प्रश्नच येत नाही.

प्रश्न येतो तो कांदा-लसणाचा. वैष्णव आणि जैन घरांच्या या शहरात जौहरी बाजारातल्या एल.एम.बी.सारख्या नावाजलेल्या हॉटेलची ओळखच कांदा-लसणाशिवायच्या जेवणाची. अशा घरातल्या गृहिणीला वाटतं, आपला फ्राइड राइस म्हणजे तडजोड. तसं अजिबात नाही. चीनमधल्या बौद्ध मठांत कांदा, लसूण आणि त्यांच्या गोतातल्या तीव्र वासाच्या भाज्या शतकानुशतकं वर्ज्य आहेत, आणि तिथलं शाकाहारी जेवण हे चिनी पाककलेतलं मोठं दालन मानलं जातं. ते वास आणतात आल्यातून, अळंब्यांतून, आंबवलेल्या सोयाबीनमधून. जैन घरात आलं आणि अळंबीही चालत नसतील तर ताजी मिरपूड, ढोबळी मिरची थोडी करपेपर्यंत परतलेली, आणि सोया सॉस एवढ्यावर काम होतं. कांदा-लसूण चालणाऱ्यांनी लसूण बारीक चिरून तेल तापल्यावर टाकावा, सोनेरी होण्याआधी भात घालावा, पातीचा कांदा अगदी शेवटी.

सोया सॉस दोन माणसांच्या भाताला दोन चहाचे चमचे, त्याहून जास्त नाही. तो भातावर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेवर सोडायचा. तिथे त्याचं पाणी क्षणात उडतं, उरलेला भाग जळल्यासारखा होतो आणि ठेल्यावरचा तो ओळखीचा वास येतो. भात गडद तपकिरी दिसला पाहिजे हा हट्ट नको, रंग म्हणजे ओल. व्हिनेगर थेंबभर. शेजवान चटणी हवी तर ताटात बाजूला घ्या, कढईत नको. अजिनोमोटो घातलं तर बिघडत नाही, नाही घातलं तर अडत नाही. सोया सॉसमध्ये तोच क्षार मुळातच असतो. मग बाजूला काढलेल्या भाज्या, मिरपूड, चव बघून मीठ, एकदा पलटून उतरवा.

दुसऱ्या दोघांसाठी कढई पुसून पुन्हा तापवा. सगळे एकाच वेळी जेवायला बसणार नाहीत, त्याला इलाज नाही. ज्याला आधी मिळेल त्याने वाट न बघता खावं. आणि करताना पुरेल एवढाच करा. उरलेला फ्राइड राइस सकाळी मुलांच्या डब्यात भरू नका, विशेषतः एप्रिल ते सप्टेंबर. त्या डब्याला जेवणाच्या सुट्टीपर्यंत चार तास दप्तरात काढायचे असतात.